हळूच दाबलेलं बटण

आईच्या खोलीतला स्विच यंदा तिसऱ्यांदा जळला. गावभरची वायरिंग मी करते आणि माझ्याच आईकडे ही तऱ्हा, म्हणून चिडूनच तो उघडला. आतले पॉइंट काळे पडून खड्डे खड्डे झाले होते.

"आई, तू बटण हळूहळू दाबतेस. मग आत ठिणगी रेंगाळते आणि धातू खाते. खटकन दाबत जा."

"खटकन दाबलं की हे जागे व्हायचे."

बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

नवा स्विच बसवून मी म्हटलं, "दाब आता."

तिने खटकन दाबलं. आम्ही दोघींनी एकदमच रिकाम्या पलंगाकडे पाहिलं.

"राहू दे," मी म्हटलं. "तू हळूच दाब. स्विच मी बदलत जाईन."