माढ्याच्या कोंडीबांचा लॅपटॉप

मित्रांनो, जरा मोठ्याने बोला. माझा पंखा एकदा घरघरू लागला की मला दुसरं काही ऐकू येत नाही. तो थांबला की अंग तापतं, आणि अंग तापलं की मी बोलता बोलता मध्येच गप्प होतो. तेव्हा सांभाळून घ्या. सोलापुरात चंद्रिकाताईंच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी एक लोखंडी टेबल आहे. त्यावर पडून असलेला जुना लॅपटॉप तो मीच. माझी एक बिजागरी चिकटपट्टीवर टिकून आहे. बॅटरी कधीच गेली. वायर निघाली किंवा वीज गेली की मी जागच्या जागी मिटतो, आणि मग पुन्हा उठायला मला इतका वेळ लागतो की तेवढ्यात ताईंचा चहा पिऊन होतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथले पांढरे दिवे आणि हातमोजे घातलेले हात, एवढंच आठवतं. ताईंच्या मुलीच्या कॉलेजसाठी मला या घरी आणलं तेव्हा काय माझा थाट होता! ताईंच्या सासूबाई सावित्रम्मा यांनी मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं. ते कुंकू बटणांच्या फटीत गेलं ते आजतागायत तिथेच आहे. दुरुस्तीला नेलं की दुकानातला माणूस मला उलटा करून झटकतो आणि थोडं कुंकू त्याच्या टेबलावर पडतं.

पुढे मुलगी नोकरीला पुण्याला गेली. जाताना तिने नवा, पातळ लॅपटॉप घेतला, आणि मी कपाटावर जुन्या परकरात गुंडाळला गेलो. तिथून मला खाली काढलं ते चंद्रिकाताईंनी.

ताई एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतात. नाव काय, वय काय, काय होतंय, हेच दिवसभर विचारायचं आणि लिहायचं. घरी आल्यावर त्यांना कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही, पण सांगण्यासारखं मात्र पोटात पुष्कळ साठलेलं असायचं. कुणीतरी त्यांना ब्लॉग काढून दिला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'खिडकीच्या अलीकडे'. पाणी आलं नाही म्हणून झालेली भांडणं, सावित्रम्मांची औषधं चुकवायची युक्ती, भाकरी कडक व्हायला ठेवली आणि मांजरीने पळवली ती गोष्ट, असं सगळं त्या माझ्यावर लिहायच्या. मला ते दिवस आवडायचे.

लिहिता लिहिता त्यांना सोबतीही भेटले. जिल्ह्यात बरीच माणसं अशी आपापलं लिहीत होती. तू माझं वाच, मी तुझं वाचते, असा तो शेजार होता. एकदा सगळे सोलापुरात एका बागेत जमले, शेंगाचटणी आणि दही खाल्लं, आणि एकमेकांना ब्लॉगच्या नावाने हाका मारत फिरले. पुढे हळूहळू लोक कंटाळले. कुणी फोनवर गाण्याचे व्हिडिओ टाकू लागलं, कुणी नुसतंच गप्प झालं. शेवटी ताईंची एकच मैत्रीण लिहिती राहिली, ती माळशिरसची रेश्मा.

रेश्माचा ब्लॉग 'पाटाकडेचं घर'. घरची म्हैस, शेजारणी, ऊसतोडीच्या दिवसातली धांदल, ती सगळं मजेत लिहायची. पण तिच्या लिखाणाखाली कमेंट एकच असायची, ताईंची. एके दिवशी तिने फोन केला. फोन माझ्या शेजारीच ठेवलेला होता, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"ताई, मी आता बंद करते. कुणी वाचतच न्हाय."

"अगं, मी वाचते की!"

"तू मैत्रीण हाईस. तुजं धरायचं न्हाय. तू चांगलंच म्हणणार. येखादं परकं माणूस म्हणलं आस्तं, तर गोष्ट येगळी."

ताईंनी फोन ठेवला आणि मला पुढे ओढलं. मग त्यांनी एक नवं खातं उघडलं. नाव टाकलं कोंडीबा, गाव माढा. आणि रेश्माच्या म्हशीच्या लेखाखाली लिहिलं, "ताई, डोळ्यास्नी कमी दिसतंय, नातू अक्षरं मोटी करून देतोय. म्हशीचं लई झ्याक लिवलंय. आमची बी आशीच रुसायची. लिवत ऱ्हावा."

मित्रांनो, दुसऱ्याच दिवशी रेश्माने नवा लेख टाकला, आणि आठवड्यात आणखी दोन.

ताईंना वाटलं होतं, एकदा दोन ओळी लिहिल्या की झालं. पण कोंडीबांना आता रेश्मा प्रश्न विचारू लागली. म्हैस पान्हा चोरते, दूध सोडत नाही, काय करू? ताईंनी जन्मात म्हशीला हात लावलेला नाही. त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि सहज विचारल्यासारखं सावित्रम्मांना विचारायच्या. सावित्रम्मांचं माहेर अक्कलकोटकडचं, गोठ्यातच वाढलेल्या. त्या भाकरी थापता थापता सगळं सांगायच्या, आणि ताई येऊन ते कोंडीबांच्या बोलीत लिहायच्या. कोंडीबांचं निम्मं शहाणपण सावित्रम्मांचं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग एकदा रेश्मा फोनवर म्हणाली, "ताई, राग मानू नगं, पण तुज्यापरीस कोंडीबांना जास्त कळतंय बग."

ताईंनी फोन ठेवला आणि माझं झाकण असं आपटलं की चिकटपट्टी सुटली. आपणच जन्माला घातलेल्या म्हाताऱ्याचा त्यांना हेवा वाटू लागला होता. हसू नका. मला तर त्यांची कीव आली. दिवसभर खिडकीवर बसून यायचं, स्वयंपाक करायचा आणि मग माझ्यासमोर बसून माढ्याचा म्हातारा व्हायचं. त्यांचं स्वतःचं 'खिडकीच्या अलीकडे' दिवाळीपासून तसंच पडलं होतं. कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्यातही त्राण उरलं नव्हतं. मीही दमलो होतो. एका खात्यातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरताना माझा जीव जायचा.

शेवटी ताईंनी ठरवलं की कोंडीबांना गप्प करायचं. मारून टाकावं असंही एकदा मनात आलं, पण खोटं मरण लिहायला त्यांचा हात उचलेना. नुसतं लिहिणंच बंद केलं. त्यांना वाटलं, रेश्मा चार दिवस वाट बघेल आणि विसरेल.

रेश्मा कुठली विसरते! आधी तिने लेख टाकला, 'कोंडीबा, बरे आहात ना?' मग दुसरा टाकला. त्यानंतर एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. मागे एसटीच्या हॉर्नचा आवाज येत होता.

"ताई, मी माढ्यात हाय. टेंभुर्णीला गाडी बदलून आले."

"माढ्यात? कशाला गं?"

"कोंडीबांना हुडकायला. डबा भरून लाडू आणलेत. तीन कोंडीबा गावले बग, पर एकालाबी माजं नाव ठावं न्हाय. एकानं लाडू मातुर घेतला. ताई, म्हातारं माणूस, काय झालं आसंल का गं? माजा जीव थाऱ्यावर न्हाय. आता सरळ तुज्याकडंच येते, मिळून काय तरी करू."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता खरं कळलं तर रेश्मा पुन्हा एक ओळ लिहिणार नाही आणि या घराची पायरी चढणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मलाही दिसत होतं. त्यांनी घाईघाईने मला चालू केलं, कोंडीबांचं खातं उघडलं आणि लिहायला बसल्या. काय लिहिणार? लिहायचं आणि पुसायचं, लिहायचं आणि पुसायचं, असं किती वेळ चाललं. माझा पंखा रडकुंडीला आला. आणि तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!"

सोलापुरात पाणी आलं म्हटल्यावर माणूस जेवणाचं ताटही सोडून उठतं. चार दिवसांनी आलेलं पाणी. ताई माझं झाकण अर्धवट लोटून, हंडा घेऊन मागच्या दाराने धावल्या. आणि पुढच्या दाराने रेश्मा आत आली.

सावित्रम्मा बाहेरच बसल्या होत्या. "बारव्वा, बा. ये, बस. चंद्रिका पाणी भरायलीय. जेवून घे आधी."

"जेवते की अव्वा. फोन बंद पडलाय, तवर ताईच्या लॅपटॉपवर बगते, कोंडीबांचं काय उत्तर आलंय का."

मित्रांनो, आयुष्यभर मी नको तेव्हा अडकलो. भर कामात थांबलो, लोकांचे शिव्याशाप खाल्ले. त्या दिवशी मी मनापासून म्हटलं, आता तरी अडकावं. नाहीतर निदान वीज तरी जावी. पण वीज गेली नाही, आणि झाकण उचलताच मी नव्यासारखा लख्ख उजळलो. पडद्यावर होतं, "रेश्माताई, म्या कोंडीबा. म्या बरा हाय. माज्यापायी हिंडू नगा. म्या" आणि त्यापुढे ती उभी काडी लुकलुकत होती.

रेश्माने वाचलं. पुन्हा वाचलं. ताई ओला पदर खोचून हंडा घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"ताई," रेश्मा म्हणाली, "म्हंजी मला वाचणारं कुणीच नव्हतं की."

"मी वाचत होते."

"तू मैत्रीण हाईस."

"मग मैत्रीण काय डोळे मिटून वाचते?" ताईंचा आवाज चढला. हंडा त्यांनी दाणकन खाली ठेवला. "तुझं अक्षर नि अक्षर वाचलंय मी. कामावरून आल्यावर पाठ टेकवत नाही, तर वाचलंय. म्हशीचं काही कळत नाही तरी वाचलंय. माझं धरायचं नाही म्हणालीस, म्हणून तो म्हातारा आणला. त्या म्हाताऱ्यापायी माझं लिहायचं राहिलं दिवाळीपासून, ते तुला दिसलं तरी का?"

रेश्माने मान वर केली. "दिवाळीपास्नं? तू लिवलं न्हाईस?"

रेश्माचा चेहरा उतरला. रोज कोंडीबांची वाट बघणाऱ्या त्या बाईने इतक्या महिन्यांत एकदाही 'खिडकीच्या अलीकडे' उघडून पाहिलं नव्हतं.

सावित्रम्मा दाराला धरून उभ्या राहिल्या. "काय झालं गं? कोण गेलं?"

"कोंडीबा," ताई म्हणाल्या.

"अय्यो. आपल्यातले होते काय? सुतक धरायचं का? मग जेवायचं कसं?"

ताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. रेश्मा मात्र हसली नाही. सावित्रम्मांनी दोघींना जेवायला बसवलं. भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं सगळं.

जेवण झाल्यावर ताई मोरीत भांडी घासायला बसल्या. रेश्मा पिशवी घेऊन निघाली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. तिने 'खिडकीच्या अलीकडे' उघडलं. ताईंचा दिवाळीचा लेख वर आला. छोटासाच होता. खिडकीपुढे दिवसभर माणसं येतात, मी सगळ्यांना काय होतंय म्हणून विचारते, मला कुणी विचारत नाही, फार दमले आहे, असं काहीसं. शेवटची ओळ होती, "कुणी वाचतंय का?" खाली एकही कमेंट नव्हती.

रेश्माने ते सगळं सावकाश वाचलं. मग खालच्या चौकटीत लिहिलं, "चंद्रिकाताई, लई". चौकटीवर नाव कोंडीबांचंच होतं. ती थांबली. लिहिलेलं पुसलं. कोंडीबांच्या खात्यातून बाहेर पडली आणि स्वतःचं खातं उघडायला लागली. मित्रांनो, मला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. तिची गाडी निघायची वेळ होत आली होती. सावित्रम्मा दोनदा म्हणाल्या, "एसटी चुकंल गं." ती हलली नाही. माझ्या पडद्यावरचं चाक फिरत राहिलं आणि ती त्याच्याकडे बघत बसून राहिली. शेवटी एकदाचं तिचं नाव आलं, तेव्हा तिने लिहिलं:

"मी वाचतेय ताई. उशीर झाला. आत्ता तुझ्याच खुर्चीत बसून वाचतेय. लिही की गं."

लाडवांचा डबा माझ्या शेजारी ठेवून ती गेली. ताईंना भांड्यांच्या आवाजात दार वाजलेलं कळलंही नाही. हात पुसत त्या आल्या, रिकामी खुर्ची बघितली, मग पडद्याकडे बघितलं. खाली बसल्या. रडल्या की नाही ते मी सांगणार नाही. पण माझ्या बटणांवर जे पडलं ते पाणी मागच्या नळाचं नव्हतं.

मित्रांनो, म्हातारा झालो म्हणून मला कुणी कपाटावर टाकलं तर माझी तक्रार नाही. पण तुमच्या ओळखीचं कुणी काही लिहीत असेल, गात असेल, करत असेल, तर आपल्याच माणसाचं काय बघायचं असं म्हणू नका. त्याच्यापाशी जा, दोन शब्द बोला, आणि तुमच्या स्वतःच्या नावाने बोला. आपलं माणूसही वाट बघत असतं हो.

आता मला धाप लागली आहे. पंखा घरघरतो आहे, अंग चुलीसारखं तापलं आहे, आणि मिटून पडावं असं फार वाटतं आहे. पण दिवाळीनंतर पहिल्यांदाच ताईंनी नवं पान उघडलं आहे आणि दोन ओळी लिहूनही झाल्या आहेत. तेवढं त्या वायरला कुणी पाय लावू नका.