गच्चीवरचा पिवळा गुलाब

बागप्रेमी मंडळाची बस रोपवाटिकेशी थांबली, की बायकोसकट सगळे आत घुसायचे आणि मास्तर पिशव्या सांभाळत मागे राहायचे. उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेल्या या माणसाला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तीन वर्षं त्यांनी एकही सहल चुकवली नव्हती.

त्याला कारण होतं. बायकोचा लाडका पिवळा गुलाब गच्चीवर होता. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नसे, म्हणून पाणी घालायचं काम मास्तरांकडे. ते इतक्या मायेने पाणी घालायचे, की गुलाब दर वर्षी कुजून मरायचा. मग सहलीत तसाच गुलाब हेरून तिच्या नकळत विकत घ्यायचा, रेनकोटात गुंडाळून घरी न्यायचा आणि पहिलं फूल आलं की ऐटीत खाली आणून द्यायचं.

आजही त्यांनी गुलाब रेनकोटाखाली दडवला, तोच मागून आवाज आला.

"अहो, तो नको. त्याच्या पानांना कीड आहे. हा घ्या."

बायको हातात रोप घेऊन उभी होती.

"तुला... कधीपासून ठाऊक?"

"पहिल्यापासून. दर वर्षी फुलाचा पिवळा वेगळा. शिंपी ना तुम्ही? रंग तरी जुळवायचा!"

"मग बोलली का नाहीस?"

तिने रोप त्यांच्या रेनकोटात नीट गुंडाळलं.

"बोलले असते, तर माझ्याबरोबर आला असता का?"