थर्माकोलची सूर्यमाला

वर्ष होत आलं, नीलाने घराबाहेर तोंड उघडलं नव्हतं. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ही सात वर्षांची पोरगी कान किटेपर्यंत बडबडायची, आणि शाळेच्या फाटकाशी गेली की मिठाची गुळणी धरायची. शेवटी तिच्या मोठ्या, नामांकित शाळेने दिवाळीआधी हात टेकले. विलासने, तिच्या बाबांनी, ठरवून टाकलं, "आता एकच शाळा बघायची. नाही जमलं तर चलो, नागपूरला माझ्या आईकडे ठेवू."

तिच्या आईला, प्रमोदिनीला, ते पटेना. लेक हजार किलोमीटर लांब? ती एक शाळा मुनिरक्यातली, चार खोल्यांची. तिथे म्हणे पुस्तकं कमी, मुलं हातानेच काही ना काही करत शिकतात. बुडत्याला काडीचा आधार. तिथल्या सुमित्रा मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, घरी मुलीने जे केलं असेल ते घेऊन या, नाहीतर फोटो आणा.

नीलाने केला होता किल्ला. दिवाळीत अंगणात विटा रचून, गोणपाट टाकून, चिखल लिंपून. वर अळीव उगवलं होतं आणि बुरुजांवर शर्टाची बटणं पहारा देत होती. त्या बटणांशी ती दिवसभर बोलायची. पण महाराजांच्या नावाने छाती फुगवणारी प्रमोदिनी दिल्लीकरांपुढे चिखल दाखवायला लाजली. तिने मार्केटमधून तयार प्रोजेक्ट आणलं, थर्माकोलची सूर्यमाला, आणि पोरीकडून ग्रहांची नावं घोकून घ्यायला सुरुवात केली. नीला दर मिनिटाला किल्ल्याकडे पळे. तिसऱ्यांदा पळाली तेव्हा प्रमोदिनीचं डोकं फिरलं. तिने नळाला पाइप लावला आणि किल्ला धुऊन टाकला. नीला रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सुमित्रा मॅडम नीलासमोर जमिनीवरच बसल्या.

"ये तुमने बनाया?"

नीला गप्प.

"बोल ना बाळा, ज्युपिटर कुठला?" प्रमोदिनी मागून म्हणाली. मग तीच ग्रह दाखवायला लागली. मॅडमनी हाताने थांबवलं, तसा तिचा धीर सुटला. "मॅडम, घर पे बहुत बोलती है, सच में! ले लीजिए इसे। नहीं तो दूर भेजना पड़ेगा।" परक्या बाईपुढे तिने चक्क हात जोडले आणि ती हुंदके द्यायला लागली.

"दुकान से लाया है."

प्रमोदिनीने चमकून पाहिलं. नीला बोलत होती. मॅडमच्या डोळ्यांत बघून, खणखणीत.

"मेरा तो किला था. आई ने पाइप से बहा दिया. सिपाही भी."

वर्षभर या आवाजासाठी प्रमोदिनीने देव पाण्यात ठेवले होते. तो आला, आणि तिला मान वर करवेना.

"यहाँ पीछे बहुत मिट्टी है," मॅडम म्हणाल्या. "कल से आओगी? फिर से बनाओगी?"

नीलाने विचार केला. एकदा आईकडे पाहिलं, मग मॅडमना विचारलं, "आई तो नहीं आएगी ना?"

मॅडमनी प्रमोदिनीकडे पाहिलं.

"नाही येणार गं," प्रमोदिनी म्हणाली. नीला लगेच मॅडमबरोबर मागची माती बघायला गेली. सूर्यमाला काखेत मारून ती एकटीच फाटकापर्यंत आली आणि तिथे थांबली. मागच्या बाजूने नीलाचा आवाज येत होता, ती कुणाला तरी बटणं मागत होती.