डबा हवेत असताना

चार नंबरची क्रेन विकल्याचं पत्र आणि बंदराला धूर कमी केल्याबद्दल ढाल मिळाल्याचं पत्र एकाच टपालात आली. वहिनीने दोन्ही वाचली. “जखमेवर चोळायचं मीठ तरी वेगळ्या पाकिटातून पाठवायचं!” ती म्हणाली.

सतरा वर्षं ती त्या क्रेनच्या केबिनमध्ये बसत होती. धाकटा दीर बंदराच्या ऑफिसात धुराचा अहवाल भरायचा, त्यामुळे सगळं बंदर तिला वहिनीच म्हणे.

नियम असा, की लांबून थेट इथे येणाऱ्या जहाजाला सगळ्या प्रवासाच्या धुरावर कर. पण खाडीपलीकडे परक्या मुलखातल्या बंदरात माल उतरवला, की कर वाचला. मग जहाजवाले काय खुळे आहेत? मोठी जहाजं तिकडे गेली. तेच मालाचे लोखंडी डबे, म्हणजे कंटेनर, एक खटारा बोट इकडे आणू लागली, भकाभका काळा धूर ओकत. बोट इतकी लहान, की नियमात बसतच नाही! धूर वाढला आणि कागदावर घटला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय? क्रेनसुद्धा पलीकडच्यांनीच विकत घेतली होती, आणि क्रेनबरोबर वहिनीची नोकरीही जाणार होती.

“भाऊजी, त्या बोटीचा धूर लिहा की अहवालात,” ती तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होती.

“वहिनी, तसा रकानाच नाही.”

“खाली शेरा लिहायला जागा आहे ना?”

“आहे. पण मग माझी खुर्ची राहील का?”

“आणि माझी? ती गेली तरी चालेल?”

यावर भाऊजी चष्मा पुसत बसायचे.

ढाल सगळ्यात जुन्या ऑपरेटरने घ्यायची, असं मॅनेजरने ठरवलं. धक्क्यावरच मांडव घातला. ढाल द्यायला वरचे साहेब आले, भाषण झालं आणि वॉकीटॉकीवर निरोप आला, “वहिनी, खाली या.”

“डबा हवेत आहे.”

डबा हवेत असताना ऑपरेटर जागा सोडत नाही. हे बंदरात कुणालाही सांगावं लागत नाही. तिने डबा बोटीवरून हातभर उचलला आणि तसाच धरून ठेवला. बोटीला हलता येईना, इंजिन चालूच. वारा मांडवाकडे होता. वहिनी सकाळपासून वारा बघत होती.

धूर मांडवात शिरला. खोकत साहेबांनी तोंड पुसलं, तर रुमाल काळा.

“हा धूर अहवालात कसा नाही?” माइक चालूच होता.

“रकाना नाही, साहेब,” भाऊजी म्हणाले.

साहेबांनी रुमालाची स्वच्छ बाजू वर घेऊन घडी घातली आणि तो खिशात टाकला. “बरं, फोटो त्या बाजूने घ्या.” ढाल मॅनेजरनेच घेतली.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, लाजा कशा वाटत नाहीत!” ती केबिनमध्ये एकटीच ओरडली. तरी डबा मात्र तिने ट्रेलरवर आवाज न करता ठेवला.

वॉकीटॉकी खरखरला. “वहिनी, शेरा लिहिला. बोटीचा सगळा धूर लिहिला. सही करून साहेबांच्या हातात दिला.”

खाली क्रेनच्या पायाशी पलीकडची माणसं टेप लावून मापं घेत होती.

“तीन वर्षं उशीर केलात, भाऊजी,” ती म्हणाली. “आता तो शेरा माझी क्रेन थांबवणार आहे का?”

बोटीवर अजून अकरा डबे होते. तिने पुढचा उचलायला घेतला.