एकसष्ट दिवस मागे

एकाच तक्रारीसाठी एका घरी तिसऱ्यांदा जावं लागलं की मार्गोनोचं डोकं फिरे. सालातिगा केवढंसं गाव. "तीनदा आला, तरी जमलं नाही" ही बातमी टोफूवालीच्या टोपलीतून संध्याकाळच्या आत त्याच्या बायकोपर्यंत पोचणार, हे ठरलेलं. अठरा वर्षं तो मोटरसायकलवर पिशवी टाकून घरोघरचे संगणक बरे करत होता. निम्म्या वेळा संगणकाला काहीच झालेलं नसतं, झालेलं असतं ते माणसांना, एवढं त्याला कळून चुकलं होतं. पण ते तोंडावर बोलून दाखवायचं नसतं.

गल्ली ज्यांना 'बू' म्हणजे आई म्हणे, त्या विनार्तींची तक्रार साधीच होती. बँकेचं पान उघडत नाही, टपाल उघडत नाही, 'हे पान सुरक्षित नाही' असं लिहून येतं. पहिल्या खेपेला त्याने कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि हसला. संगणक दोन महिने मागे होता. तारीख जुळली नाही की बँकेची पानं दार उघडत नाहीत. त्याने तारीख नीट केली आणि गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच. आतला बटणासारखा सेल संपला असणार म्हणून त्याने तो बदलला. आज मंगळवारी पुन्हा बोलावणं आलं.

त्याने तारीख पाहिली, मनात वजाबाकी केली. एकसष्ट दिवस. मागच्या वेळीही एकसष्टच होते. सेल संपलेलं घड्याळ कुठल्यातरी जुन्या जानेवारीत जाऊन बसतं. यंत्र चुकतं ते आंधळेपणाने, इतकं मोजूनमापून फक्त माणूस चुकतो. शिवाय तारीख आपोआप जुळवून घेण्याची सोय त्याने स्वतः चालू केली होती, ती कोणीतरी बंद केली होती. घरात बू विनार्तींखेरीज होती फक्त मांजर.

"बू, इथे दुसरं कोणी बसतं का?"

"कोण बसणार?" कसाव्याच्या कंदाच्या तळलेल्या फोडींची बशी ठेवत त्या म्हणाल्या. "खा आधी. गरम आहे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बेकासी शहरातून मुलगा हानांतो. "हो रे, पाठवते," म्हणून त्यांनी फोन ठेवला, मार्गोनोला जरा सरकायला लावलं आणि पडद्यावर एक तक्ता उघडून त्याचा फोटो काढला. मार्गोनो लोकांच्या फायलींत डोकावत नसे, पण हा तक्ता सगळ्या गल्लीला माहीत होता. बूंचे यजमान दार्मोयो, लोक मानाने म्हणत पाक दार्मोयो, गणिताचे मास्तर होते. माणूस गेला की तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, हजारावा दिवस कधी, पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला कोणता वार येतो, हे लोक त्यांना विचारायला येत. निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणकात तक्ता केला. मृत्यूची तारीख भरली की पुढचं सगळं, संगणकातल्या तारखेवरून बाकी दिवससुद्धा, तोच सांगे. पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःचंच नाव घालून ठेवलं होतं, फक्त तारीख रिकामी. ती जागा भरली हानांतोने, दफनाहून परत आल्यावर, त्याच खुर्चीत बसून.

त्या ओळीच्या टोकाला आता लिहिलं होतं: हजाराव्याला बाकी दिवस, सत्तर.

मार्गोनोने कसाव्याचा तुकडा उचलला. "बू, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, मग ताक कसं मिळणार?"

त्या पदरासारखी खांद्यावर टाकलेली ओढणी काढून घडी घालू लागल्या. "हजारावा होईपर्यंत घर सोडणार नाही, असं मी म्हणाले होते. हानांतो म्हणाला, बरं, त्यानंतर मात्र बेकासीला यायचं. तेव्हा हजार म्हणजे केवढे वाटले होते."

"मग आणखी राहते म्हणा की सरळ."

"म्हटलं. तो म्हणतो, शब्द म्हणजे शब्द. अगदी बापावर गेलाय. दर आठवड्याला फोटो मागतो. आईच्या तोंडापेक्षा बापाच्या तक्त्यावर भरवसा." घडी पुन्हा मोडली. "तिथे चौदाव्या मजल्यावर राहतात ते. खिडकीजवळ जायची मला हिंमत होत नाही. इथे रोज कबरीवर जाता येतं, दोन शब्द बोलता येतात. एकदा हजारावा झाला, कबरीवर दगड बसला, की यजमान काही परत घराकडे फिरकायचे नाहीत. मग मी तरी इथे कोणासाठी, असं तो म्हणणारच."

मार्गोनोला वाईट वाटलं, आणि त्यात पडायचं नाही असंही वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याचं काम संगणकाचं. त्याने तारीख खरी केली, आणि तक्त्याची एक नक्कल काढून तिच्यात आजच्या तारखेतून एकसष्ट वजा करायला लावले.

"घड्याळाला पुन्हा हात लावायचा नाही. बँक उघडेल, टपाल उघडेल. फोटो काढायचा तो हा तक्ता. खोटं बोलायचंच असेल तर एकट्या यालाच बोलू दे, अख्ख्या यंत्राला नको."

"आणि हा दुसरा?"

"तो खरा."

त्यांनी चष्मा लावला. खऱ्या तक्त्यात बाकी दिवस होते नऊ.

"नऊच?" त्या हळूच म्हणाल्या. लेकाला फसवता फसवता त्यांची स्वतःचीही मोजणी सुटली होती. त्या बोटांवर पुन्हा मोजू लागल्या. "मला वाटलं, पंधरा-वीस तरी असतील. पुढच्या गुरुवारी. बकरा सांगायला हवा, तांदूळ भिजत घालायला हवा."

"म्हणजे करणार?"

"करणार नाही तर काय? मुलाला थांबवता येतं. गेलेल्या माणसाला वाटेत उभं करून ठेवायचं नसतं." त्या उठल्या. "दगड तेवढा राहू दे. मुलगा येईल तेव्हा पुन्हा करू, दगड तोच बसवील. दोनदा दुआ मागितली म्हणून कोणी रागावत नाही."

मार्गोनोला हे पटलं नाही. बापाच्या हजाराव्याला मुलगा नाही, हे त्याला टोचत राहिलं. पण त्याने मोटरसायकल चालू केली आणि तो गेला.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गल्लीतले पुरुष बू विनार्तींच्या ओसरीवर चटयांवर बसले. मार्गोनोलाही बोलावणं होतं. हानांतो का नाही, असं कोणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. पठण झालं, आमेन झालं, आणि प्रत्येकाच्या हातात घरी न्यायचा डबा आला. बू आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण डब्यात कोणाला मटण कमी तर पडलं नाही ना, याकडेही त्यांचं लक्ष होतं.

घरी येऊन मार्गोनोने डबा उघडला. भात, मटण, सोयाबीन आंबवून केलेलं, परतलेलं टेंपे, आणि मेलेल्यांसाठी करतात ती अपेम, तांदळाची जाड मऊ चकती. त्याने अपेम तोंडात टाकली आणि फोन वाजला.

"पाक मार्गोनो? मी हानांतो. बू विनार्तींचा मुलगा. नंबर आईकडूनच घेतला होता मागे." तो लगेच मुद्द्यावर आला. "आत्ता आईने फोटो पाठवलाय. तक्ता एकसष्ट दाखवतोय. संगणक नीट आहे ना?"

मार्गोनोच्या तोंडात हजाराव्याची अपेम होती. यंत्राबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. त्याने घास गिळला.

"संगणकात काही दोष नाही."

"बरं," हानांतो म्हणाला. पलीकडे गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. फोन ठेवील असं वाटलं, पण त्याने ठेवला नाही.

"पाक, माणसं बरीच आली होती का?"

मार्गोनोने डब्याचं झाकण लावलं. तक्त्यात बापाच्या मृत्यूची तारीख कोणी भरली होती, ते त्याला आत्ता आठवलं.

"चटया पुरल्या नाहीत," तो म्हणाला. "शेजारून आणाव्या लागल्या."

"हं." मग तो म्हणाला, "मी फोन केला होता ते आईला सांगू नका. एकसष्ट दिवसांनी येतो मी, तिच्या तक्त्याप्रमाणे."