अव्वा ‘साकू’ म्हणेपर्यंत

माझ्या नाकावर राग असतो, हे लातूरच्या गंजगोलाईत कुणालाही विचारा. पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं माझं दुकान आहे. गिऱ्हाईक जळालेली मोटार घेऊन येतं आणि म्हणतं, "संगमेशअप्पा, माल खराब निघाला." मी विचारतो, "खोक्यातला कागद वाचला होता का?" ते नाही म्हणालं की माझी तोफ सुरू होते. शेजारचे दुकानदार चहा सोडून ऐकायला येतात. कागद न वाचता मशीन चालवणाऱ्या माणसाची मला भयंकर चीड आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे हसायला बरं.

गेल्या दिवाळीला मी उंच, मोठी गाडी घेतली. अव्वासाठी घेतली असं मी सगळ्यांना सांगतो, आणि ते निम्मं खरं आहे. अव्वा म्हणजे माझी आई, लक्ष्मम्मा. वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, उजव्या हातात कायमची काठी. ती एवढ्या उंच गाडीत चढणार कशी, म्हणून दोन्ही बाजूंना पॉवरच्या पायऱ्या बसवून घेतल्या. दार उघडलं की गाडीच्या पोटातून पायरी घुर्र करत बाहेर येते, दार लावलं की आत जाते. पहिल्या दिवशी बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला आणि अव्वासाठी दार उघडलं. पायरी बाहेर आली तशी ती थबकली.

"माय! आपल्यासाठी चालून आली की ही," ती म्हणाली. "हिच्यावर एकदम पाय कसा द्यायचा?"

आणि वाकून तिनं पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, मगच पाय ठेवला. उतरल्यावर पुन्हा तेच. सुखरूप पोचवलं म्हणून. जे आपलं ओझं उचलतं त्याच्या पाया पडावं, हा तिचा जुना नेम. आमच्या लहानपणी ती बैलगाडीच्या जुवालाही हात लावायची.

उजव्या हातात काठी, त्यामुळे पायरीला लागतो तो डावा हात. शेजारच्या केवळाबाईंनी एकदा टोकलं, तर अव्वा म्हणाली, "ह्या हातावर रोज माझा लिंग बसतो. ह्याच्याहून चांगला हात कुठून आणू?" खरंच आहे ते. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन अव्वा पाऊण तास पूजा करते. गुडघे गेले, एक कान गेला, पण त्या वेळी तो हात तसूभर हलत नाही.

गाडी चालवायला दगडोबा होता. रेणापूरचा, साठीला टेकलेला. आधी पंचवीस वर्षं रेणापूर-लातूर काळी-पिवळी जीप चालवलेली. माणूस कमी बोलणारा, म्हणजे माझ्याकडे टिकायला एकदम लायक. पण त्याच्या संथपणानं माझं डोकं फिरायचं. अव्वा उतरली की हा दार धरून उभा. मी घरात जाऊन, चपला काढून, पाणी पिऊन बाहेर डोकावलं तरी दार उघडंच.

"दगडोबा, दार लावायला मुहूर्त काढता का?"

"लावलो मालक."

त्यात एक दिवस मी स्वतः स्टेअरिंगवर बसलो, तर डाव्या हाताच्या बटणांवर मलमपट्टीची चिकटपट्टी! आवाज कमी-जास्त करायच्या बटणाला खेटून एक चांदणीचं बटण आहे, बरोबर त्याच्यावर. नव्या कोऱ्या गाडीला जखमेची पट्टी बघून माझं टाळकं सरकलं.

"हे काय आहे?"

"मालक, ते तेवढं राहू द्या. मी कवापासून सांगून राहिलो की..."

"मला काही सांगू नका. ही गाडी आहे की दवाखाना?" मी पट्टी टर्रकन ओढून काढली. गाडी कुणाची आहे हे दिसावं म्हणून चांदणीचं बटण चांगलं दाबलं. पडद्यावर काहीतरी इंग्रजी अक्षरं आली आणि गेली. मी ती वाचली नाहीत. दगडोबानं बटणाकडे हात नेला, तेव्हा मी एकेरीवर आलो. "हात लावू नकोस! जमत नसेल तर घरी बस. एक तारखेपासून मी दुसरा माणूस बघतो."

त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. पिशवी उचलली. फाटकापाशी थांबून एवढंच म्हणाला, "अव्वाला उतरवताना दमानं घ्या, मालक."

माझ्या आईला कसं उतरवायचं हे आता मला हा शिकवणार! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी त्याच्याबद्दल म्हणालो. खरं तर ती म्हण त्या दिवशी मलाच लागू होती.

दोन दिवसांनी नांदेडला निघायचं होतं. माझी थोरली बहीण सिंधु विष्णुपुरीला राहते. तिच्या नातवाला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे इष्टलिंग बांधायचं होतं. आधी अव्वानं ते आपल्या तळहातावर घेऊन पूजावं आणि मग बाळाच्या गळ्यात बांधावं, असा सगळ्यांचा हट्ट. घरात सगळ्यात थोरला हात तिचाच. त्या दिवसासाठी अव्वा महिनाभर बोटं मोजत होती. माझी बायको मंजुश्री दुकान सांभाळायला मागे राहिली आणि आम्ही मायलेक निघालो.

रस्ता चांगला, गाडी झकास. मी स्टेअरिंगवरच्याच बटणानं फोन उचलत होतो, ठेवत होतो.

"कुणाशी बोलून राहिलास रे? समोर तर कुणी न्हाई," अव्वा म्हणाली.

"गिऱ्हाईक आहे अव्वा, फोनवर."

"मग त्याला म्हणावं, माझा लेक गाडी चालवून राहिला."

लोह्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पाटी होती. अव्वाला पाट्या वाचायची हौस, एकेक अक्षर लावत तिनं ती मोठ्यानं वाचली, "अति घाई, संकटात नेई." आणि माझ्याकडे बघून हसली. मी आवाजाचं बटण दाबून गिऱ्हाइकाचा आवाज वाढवला.

विष्णुपुरीला सिंधुच्या दारात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गाडी बंद केली तरी फोन चालूच. एका गिऱ्हाइकाची मोटार जळाली होती आणि मी त्याला कागदावरून झापत होतो. फोन कानाला लावूनच उतरलो, वळसा घालून गेलो, अव्वाचं दार उघडलं. पायरी आली. काठी टेकत, माझ्या खांद्याला धरून अव्वा उतरली. माझा खांदा सोडून वळली. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, "वाचता येत नाही का तुम्हाला?" आणि मागे न बघता दार ढकललं.

घुर्र आवाज आला. आणि त्याच्यावर अव्वाची किंकाळी.

ती वाकलेली होती. डावा हात पायरीवर, आणि पायरी त्या हातासकट आत निघालेली. तोल जाताना तिची काठी पायरी आणि गाडीच्या फटीत गेली, आणि सागाची ती काठी माझ्या डोळ्यांसमोर कडकन मोडली. माझ्या हातून फोन पडला. काय करावं ते सुचेना. मी वेड्यासारखा पायरीच ओढायला लागलो. सिंधु अंगणातून ओरडली, "दार उघड! अरे, दार उघड!" दार उघडलं. पायरी शहाण्यासारखी बाहेर आली. काठीनं क्षणभर अडवून धरलं, तेवढ्यानं अव्वाची बोटं वाचली होती.

मधल्या दोन बोटांची कातडी सोलली होती, एक नख काळंनिळं. डॉक्टरनं फोटो काढला. हाड शाबूत. मी डॉक्टरसमोर रडलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, मिशा असलेला, हुंदके देऊन रडलो, त्याची मला लाज वाटत नाही.

अव्वा मला रागावली नाही. पट्टी बांधून झाल्यावर तिनं तळहात उघडून-मिटून बघितला आणि म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं व्हय? दगडोबा थांबतोय की. मी ‘साकू’ म्हटल्याबिगर तो दाराला हात लावत न्हाई."

साकू म्हणजे पुरे. उदगीरकडच्या तिच्या माहेरचा कानडी शब्द. म्हणजे ती पायरीच्या पाया पडून सरळ होई, बाजूला सरके, दगडोबाला ‘साकू’ म्हणे, आणि मग तो दार लावी. रोज. माझ्या दारात. आणि मी आतून मुहूर्त विचारत होतो.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. चांदणीच्या बटणावर पट्टीचा चिकट डाग तसाच होता. समोरच्या कप्प्यातून गाडीचं जाडजूड पुस्तक काढलं. पूजेच्या दिवशी आम्ही त्याला भस्म लावून, प्लॅस्टिकसकट आत ठेवलं होतं. मी काही ते उघडलं नव्हतं. पण प्लॅस्टिक कापलेलं होतं. आत एका पानावर रेणापूर-लातूर एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं, आणि समासात पेन्सिलीनं वाकडी मराठी अक्षरं : चांदणी दाबली की पायरी थांबती. गाडी हालली की मंग आत. खाली रेघ मारून : बारीक वस्तू आडकली तर थांबेलच आसं न्हाई. हात पाय बघून दार लावा.

मी मंजुश्रीला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ते पान मीच वाचून दाखवलं त्यांना. आवाज वाढवताना तुमचा अंगठा चांदणीवर जातो, आणि ती पुन्हा दाबली गेली की पायरी पहिल्यासारखी दार लावताच आत जाते, म्हणून त्यांनी पट्टी लावली. तुम्हाला सांगायला दोनदा दुकानात आले होते ते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही दोन्ही वेळा कुणालातरी कागद न वाचल्याबद्दल झापत होता."

त्यानंतर मी रेणापूरला फोन लावला. "दगडोबा, चुकलं माझं," असं म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही. मी झालेलं सगळं सांगितलं.

"अव्वाचा हात कसा हाय?" त्यानं विचारलं.

"वाचला."

"बस की मग."

"दगडोबा, अव्वाला परत न्यायला मी गाडीवर बसणार नाही. तुम्ही याल का?"

"सकाळच्या गाडीनं निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचा विधी झाला. अव्वानं डावा हात पुढे केला. दोन बोटं पट्टीतली, न मिटणारी, पण तळहात सपाट. त्यावर ते इवलं लिंग ठेवलं. मी समोर बसून त्या हाताकडे बघत होतो आणि तो हलला नाही. पूजा संपल्यावर अव्वानं ते आपल्या हातानं बाळाच्या गळ्यात बांधलं. बाळ जांभई देत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि मनात एकच नाव होतं. ते देवाचं नव्हतं, हे कबूल करतो. रेणापूरहून निघालेल्या एसटीत बसलेल्या माणसाचं होतं.

तो दुपारी आला. आल्या आल्या आधी अव्वाचा हात उलटसुलट करून बघितला, मग प्रसादाला बसला. मी शेजारी पाटावर बसून त्याला वाढलं. "एक तारखेचं जे बोललो, ते विसरा," मी म्हणालो. तो मान खाली घालून जेवत राहिला, पण हसला. मग मी विचारलं, "दगडोबा, त्यापेक्षा अव्वालाच सांगायचं होतं की, वाकू नका म्हणून."

"सांगून बघितलं की. दुसऱ्या दिशी अव्वा गाडीतच बसंनात. म्हटल्या, पाया पडू देत न्हाई ती गाडी कसली." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "एवढ्या वर्षांची सवय हाय त्यांची. गाडीची तर चार महिन्यांची. म्हटलं, गाडीचीच मोडू."

निघताना त्यानं चांदणीचं बटण दाबलं आणि पडद्यावर काय आलं ते मला दाखवलं. या वेळी मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग खिशातून चिकटपट्टीचं भेंडोळं काढून त्यानं माझ्यापुढे धरलं.

"मालक, तुम्हीच लावा."

मी लावली. नीट, चारी कोपरे दाबून.

लातूरला घरासमोर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दगडोबा उतरायच्या आत मी उतरलो आणि अव्वाचं दार मी उघडलं. सिंधुनं दिलेली नवी काठी टेकत ती उतरली, वळली, वाकली. पट्टी बांधलेला हात तिनं पायरीवर ठेवला. खिशात माझा फोन वाजायला लागला. अव्वानं वाकल्या वाकल्याच मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, आणि हात तसाच ठेवला. एरवी एका श्वासात उरकणाऱ्या माझ्या आईनं त्या दिवशी मुद्दाम वेळ लावला. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. दगडोबा पलीकडच्या बाजूला उभा राहून मिशीत हसत होता. मी दार धरून उभा राहिलो.

शेवटी तिनं हात कपाळाला लावला, सरळ झाली, दोन पावलं सरकली आणि माझ्या गालावरून पट्टीची बोटं फिरवून म्हणाली, "साकू."

तेव्हा मी दार लावलं.