कुणाचंच नसलेलं रक्त

सकाळी डबा भरताना मुलगी कामाबद्दल बोलली की अण्णांची छाती फुगायची. अपघातातल्या माणसाला रक्तगट न जुळवता ताबडतोब देता येईल, असा रक्ताचा पर्याय तिची कंपनी बनवत होती. अजून प्रयोगच चालू होते. पण अण्णांनी नातेवाइकांत केव्हाच गाजावाजा केला होता. आता परक्याचं रक्त घ्यायची वेळच कुणावर येणार नाही, घराण्याची रीत टिकली, म्हणून.

रीत अशी, की आपल्या अंगात आपल्याच माणसाचं रक्त जायचं. याच मेल्या रीतीपायी मुलीची आई तिसऱ्या बाळंतपणात गेली. रक्ताची पिशवी उशाशी तयार असताना सगळे परगावच्या मामाची वाट बघत बसले. आई म्हणत होती, थंडी वाजतेय, खिडकी लावा. खिडकी बंदच होती. मामा आला तो खांदा द्यायलाच. तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी घरातली खिडकी न् खिडकी तपासायचे. लोक त्याला शिस्त म्हणायचे.

परवा दवाखान्यात मुलीची वहिनी बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. नर्स पिशवी घेऊन आली, तर अण्णा खोलीच्या दारात आडवे. वहिनीचा नवरा, मुलीचा दादा, भिंतीशी मान खाली घालून उभा. अण्णांनी मुलीला फर्मावलं, तुझ्या कंपनीतलं आण, त्यात कुणाचंच रक्त नसतं.

"असतं, अण्णा," ती म्हणाली. "मुदत संपलेल्या पिशव्या आम्ही एकाच टाकीत ओततो, त्यातून ते बनतं. कुणाकुणाचं असतं ते देवालाही सांगता यायचं नाही. आणि माणसाला द्यायची परवानगी अजून मिळालेली नाही."

आतून वहिनीचा बारीक आवाज आला. "थंडी वाजतेय. खिडकी लावा ना."

अण्णा दारातून निघाले ते थेट खिडकीपाशी गेले. कडी लागलेलीच होती. त्यांचा हात तिच्यावरच राहिला.

मुलगी नर्सला घेऊन आत शिरली. वहिनीच्या कानाशी वाकून तिने विचारलं, "परक्याचं आहे. चालेल?"

"मला बाळाला बघायचंय," वहिनी म्हणाली. "लावा."

वहिनी वाचली. त्या संध्याकाळी अण्णा खिडक्या तपासायला उठले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी मुलीला विचारलं, "तुझ्या आईच्या वेळीही खिडकी बंदच होती ना?"

"बंदच होती. दारात तुम्ही होता."

आपल्या घरी दारात कोण उभं असतं, ते वाचणाऱ्याने ज्याचं त्याने बघावं.